‘दहा मिनिटांचं काम’ : सांगली-मिरजेतल्या शल्यचिकित्सकांना खुले पत्र

प्रति,
सांगली, मिरज आणि जिल्ह्यातल्या तालुक्यांच्या गावी शस्त्रक्रिया करणारे व रुग्णालय चालवणारे सर्व डॉक्टर

विषय : लहान मुलाला भूल देण्याआधीची संध्याकाळ आणि दिल्यानंतरचा तास

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी बहुतेकांची आणि माझी ओळख ओटीतली, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधली आहे. गेली बावीस वर्षं मी या जिल्ह्यात भूल देते. एका रुग्णालयात नोकरी नाही. सकाळी सांगलीत, दुपारी मिरजेत, रात्री-अपरात्री कधी विट्याला तर कधी जतला. गाडीच्या डिकीत माझी पेटी कायम असते. अगदी तान्ह्या बाळाच्या तोंडावर बसेल असा मास्क, श्वासनळीत घालायच्या अडीच नंबरपासूनच्या ट्यूबा, घशात पाहून ट्यूब घालायचा लहान पात्याचा लॅरिंजोस्कोप, सगळं त्यात घेऊन फिरते, कारण जाईन तिथे ते असेलच याची खात्री देता येत नाही. मुलांच्या केसचा फोन आला की पलीकडून बहुतेक वेळा एकच वाक्य येतं. “मॅडम, पोरगं चार वर्षांचं आहे, साधा हर्निया. दहा मिनिटांचं काम आहे, साडेनऊला या.”

या एका वाक्याबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे.

तुमचा हात चांगला आहे, काम खरोखर दहा मिनिटांत होतं, हे मी रोज पाहते. पण शस्त्रक्रिया छोटी म्हणून भूल छोटी होत नाही. नख काढायचं असो की हृदयाचं छिद्र बुजवायचं असो, मूल गाढ झोपतं तेव्हा त्याचा श्वास माझ्या हातात येतो, आणि तो परत त्याच्या हवाली करेपर्यंत माझं काम संपत नाही. नखाचं उदाहरण मी उगीच घेतलं नाही. क्लोरोफॉर्म वापरात येऊन तीन महिनेही झाले नव्हते, तेव्हा 28 जानेवारी 1848 रोजी इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळच्या एका गावात हॅना ग्रीनर नावाची मुलगी भुलीखाली दगावली. भुलीमुळे झालेला, नोंद असलेला हा पहिला मृत्यू मानतात. ती पंधरा वर्षांची होती आणि तिच्या पायाच्या बोटाचं नख काढायचं होतं. तेही दहा मिनिटांचंच काम होतं.

आता माझी गोष्ट सांगते. रुग्णालयाचं नाव सांगणार नाही, कारण चूक माझी होती. डिसेंबरचा महिना. जत तालुक्यातलं कुटुंब, पहाटेच्या एसटीनं आलेलं. मुलगा चार वर्षांचा, हर्निया. मी पोचले तेव्हा तो टेबलाशेजारच्या स्टुलावर बसून नाक ओढत होता. छाती तपासली, स्वच्छ होती. ताप नव्हता. तरी मी म्हटलं, दोन-तीन आठवड्यांनी करू या. सर्जन भला माणूस, आजही माझा स्नेही आहे. तो म्हणाला, “बाप ऊसतोडीवरनं खाडा करून आलाय. आज परत पाठवलं तर पुन्हा येणार नाहीत, आणि हर्निया अडकला तर रात्री दोनला आपल्यालाच उठावं लागेल. दहा मिनिटांचं तर काम आहे.” त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मी हो म्हटलं.

शस्त्रक्रिया सुरेख झाली. मुलगा जागा होऊ लागला, मी ट्यूब काढली, आणि त्याचा घसा आवळला. आधी बारीक शिट्टीसारखा आवाज आला आणि मग आवाजच थांबला. छाती आत ओढली जात होती, पोट वर येत होतं, पण हवा जात नव्हती. स्वरयंत्राचे पडदे घट्ट मिटले होते. पल्स ऑक्सिमीटरचा सूर सॅच्युरेशनबरोबर, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनच्या टक्क्याबरोबर, खाली येतो हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही टाके घालत असता तेव्हा तो तुमच्या कानावर पडतही नसेल, मला मात्र झोपेतसुद्धा ऐकू येतो. अठ्ठ्याण्णव, एक्याण्णव, ऐंशी, बासष्ट. मग नाडीही मंदावली. जबडा उचलून, मास्क दाबून ऑक्सिजन दिला, झोपेचं औषध पुन्हा दिलं, शेवटी स्नायू सैल करणारं इंजेक्शन आणि नाडी वाढवणारं अॅट्रोपीन देऊन परत ट्यूब घातली. सगळं मिळून अडीच मिनिटं लागली असतील. दुसऱ्या दिवशी तो पोहे खाऊन घरी गेला.

मी बाहेर जाऊन आईवडिलांना काय घडलं ते सगळं सांगितलं. आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “चार दिस झालं खोकला हुता ओ. ताप बी येऊन गेला. आदल्या दिशी कुणी इचारलं असतं तर आमी एष्टीच धरली नसती.”

तिला कुणी विचारलंच नव्हतं. मी नाही, सर्जननं नाही, सिस्टरनं नाही. माझं या पत्रातलं सगळं मागणं त्या बाईच्या या एका वाक्यात आहे.

सर्दीचं गांभीर्य मोठ्यांच्या सर्दीवरून मोजू नका. लहान बाळाच्या श्वासनळीचा व्यास चार मिलिमीटरच्या आसपास असतो. आतून चहूबाजूंनी एकच मिलिमीटर सूज आली तर पाऊण जागा बुजते. मोठ्या माणसाच्या आठ मिलिमीटरच्या नळीत तेवढ्याच सुजेनं निम्मीही बुजत नाही. शिवाय वजनाच्या मानानं बाळाला ऑक्सिजन मोठ्या माणसाच्या जवळजवळ दुप्पट लागतो आणि फुप्फुसातला साठा मात्र तुटपुंजा असतो. भरपूर ऑक्सिजन देऊन श्वास थांबवला तर सॅच्युरेशन नव्वदवर यायला पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला सहाएक मिनिटं लागतात, सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला जेमतेम दीड मिनिट. आजारी, कफानं भरलेल्या बाळाला तेवढंही मिळत नाही. सर्दी-खोकला वरवर बरा झाला तरी श्वासमार्ग पुढचे दोन ते सहा आठवडे चिडका राहतो, जरा धक्का लागला की आवळतो. घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल तर धोका आणखी वाढतो.

याचा अर्थ नाक गळणारं प्रत्येक मूल परत पाठवावं असा नाही. आपल्याकडे हिवाळ्यात नाक न गळणारं पोर शोधावं लागेल. पाण्यासारखं नाक, खेळतंय, खातंय, छाती स्वच्छ, अशा मुलाला अनुभवी हातात आणि सगळी तयारी असताना भूल देता येते. ताप, ओला खोकला, घरघर, पिवळा-हिरवा शेंबूड किंवा मलूलपणा असेल तर मात्र थांबायचं. हा निर्णय मुलाला नीट पाहून, आईशी बोलून घ्यायचा असतो. टेबलाशेजारी, सलाइन लावलेलं, सर्जन हात धुऊन उभा, बाहेर दुसरी केस वाट पाहतेय, अशा वेळी घेतलेला निर्णय मुलाचा विचार करून घेतलेला नसतो. मी घेतला होता, म्हणून सांगते.

एक लक्षात घ्या. टॉन्सिल, हर्निया, सुंता, फायमोसिस (लघवीच्या जागेची आवळलेली कातडी), या शस्त्रक्रिया आपण दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत लावतो, शाळा बुडू नये म्हणून. दिवाळीची सुट्टी म्हणजे थंडीची सुरुवात. गावाकडची पोरं सर्दीनं भरलेली असतात, आणि नेमकी तेव्हा आपली यादी सर्वांत लांब असते. शेंगदाणा श्वासनळीत गेलेलं दोन वर्षांचं पोर आलं तर मी सर्दी-ताप काहीही बघणार नाही. आपल्या भागात हा प्रसंग नेहमीचा आहे आणि त्याला थांबता येत नाही. सहज सरकणारा हर्निया महिनाभर थांबू शकतो. अगदी तान्ह्या बाळाच्या हर्नियाची गोष्ट वेगळी, तो अडकण्याची भीती जास्त. तिथे तुम्ही घाई सांगितलीत तर मी ऐकेन.

पण तान्ह्या बाळाचाच विषय निघाला आहे तर हेही. वेळेआधी जन्मलेल्या बाळांत हर्निया जास्त आढळतो. अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेलं बाळ आज तीन महिन्यांचं असेल तर गर्भातले आठवडे धरून त्याचं वय एक्केचाळीस आठवडे झालं. असं बाळ भुलीनंतर काही तासांनी, शांत झोपलेलं असताना, श्वास घ्यायचं विसरू शकतं. ही धास्ती साधारण साठ आठवड्यांपर्यंत राहते. त्याला संध्याकाळी घरी सोडायचं नाही, रात्रभर मॉनिटरवर ठेवायचं. “बाळ कितव्या महिन्यात झालं?” हा प्रश्न भरतीच्या कागदावर मी फार कमी ठिकाणी पाहिला आहे.

उपाशी ठेवण्याबद्दलही आपण दोन्ही बाजूंनी चुकतो. सगळ्यांना एकच निरोप जातो, “रात्री बारानंतर काही देऊ नका.” नऊला जेवून झोपलेलं पोर दुपारी एकला टेबलावर येतं, तोवर सोळा तास उलटलेले असतात. जीभ कोरडी, शीर सापडत नाही, रडून रडून घसा भरलेला. दुसरीकडे आजी बाहेर बाकावर मला हळूच सांगते, “लई रडत हुतं, चहात बुडवून येकच बिस्किट दिलं.” त्या एका बिस्किटानं उलटी फुप्फुसात जाऊ शकते हे तिला कुणी समजावलेलंच नसतं. तिच्यावर रागवायचा मला अधिकार नाही. पाणी किंवा साखरपाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, युरोपात तर आता एक तासापर्यंत मुभा देतात. अंगावरचं दूध चार तास, वरचं दूध आणि हलकं खाणं सहा तास. दुधाचा चहा म्हणजे दूधच. प्रत्येक मुलाच्या आईला घड्याळाची वेळ सांगायला हवी आणि “का” तेही सांगायला हवं. आणि यादीत सर्वांत लहान मूल सर्वांत आधी घ्यायला हवं. मोठ्या माणसाचं ऑपरेशन तासभर उशिरा झालं तर त्याची फारशी हरकत नसते.

वजन ‘अंदाजे’ लिहू नका, काट्यावर करा. शिरेतून देण्याच्या पॅरासिटामॉलच्या एका मिलिलिटरमध्ये दहा मिलिग्रॅम औषध असतं. समजा, पंच्याहत्तर मिलिग्रॅम द्यायचं आहे, तर ते साडेसात मिलिलिटर. घाईत मिलिग्रॅमचे मिलिलिटर झाले तर दहापट औषध जातं आणि बाटली संपेपर्यंत कुणाच्या लक्षातही येत नाही. ही चूक जगभर झालेली आहे. टॉन्सिलनंतर कोडीन हे वेदनाशामक देऊ नये हेही एकदा सगळ्यांच्या कानावर घालते. काही मुलांच्या शरीरात त्याचं मॉर्फिन फार झपाट्यानं होतं आणि श्वास थांबतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2013 मध्येच तशी ताकीद दिली आहे.

आता भुलीनंतरचा तास. मूल ओटीतून बाहेर आलं की तुम्ही सुटकेचा श्वास सोडता, मावशी त्याला उचलून खोलीत नेते, नातेवाईक भोवती जमतात, आणि मला पुढच्या रुग्णालयातून फोन येत असतो. पण धोक्याचा मोठा भाग याच वेळात असतो. अर्धवट झोपेतलं मूल, हनुवटी छातीला टेकलेली, जीभ मागे पडलेली. आई म्हणते, “छान झोपलाय.” टॉन्सिलच्या मुलानं वारंवार आवंढा गिळला तर तो रक्त गिळतोय, हे सिस्टरला माहीत हवं, तोंडातून रक्त यायची वाट बघायची नसते. काही मुलं जागी होताना बेफाम रडतात, आईलाही ओळखत नाहीत, सलाइन ओढतात. दोन ते पाच वर्षांच्या मुलांत हे अधिक दिसतं आणि बहुधा अर्ध्या तासात निवळतं. पण ते भुलीमुळेच आहे की ऑक्सिजन कमी पडल्यामुळे, हे ठरवायला शेजारी जाणता माणूस आणि बोटाला ऑक्सिमीटर लागतो. त्या तासासाठी एक सिस्टर फक्त त्या मुलापाशी हवी. मीही थांबायला हवं. आजवर मी नेहमी थांबले नाही, पुढच्या फोनसाठी निघून गेले आहे. यापुढे थांबेन, आणि त्यामुळे तुमची साडेअकराची केस साडेबाराला झाली तर रागवू नका.

ओटीबाहेरही मुलांना झोपवलं जातं. एमआरआयसाठी, कानाच्या बेरा तपासणीसाठी, दातांसाठी. झोपेचं सिरप चमच्यानं दिलं, नाही झोपलं म्हणून आणखी अर्धा चमचा दिला, आणि दोन्ही डोसांचा अंमल चढला तो तपासणी झाल्यावर, मोटरसायकलवर आईबापाच्या मध्ये मान टाकून बसलेलं असताना. सिरपनं झोपलेल्या मुलालाही तितकीच पाळत लागते जितकी माझ्या औषधांनी झोपलेल्याला. पुरतं जागं झाल्याशिवाय, पाणी पिऊन नीट बसल्याशिवाय त्याला दारातून बाहेर सोडू नका.

हे सगळं वाचून एखाद्याला वाटेल की बाई घाबरवतेय. निरोगी मूल भुलीनं दगावणं आज फार दुर्मीळ आहे. मॉनिटर आले, औषधं सुधारली. पण गंभीर प्रसंग दुर्मीळ नाहीत. युरोपातल्या 33 देशांमधल्या 261 रुग्णालयांनी मुलांच्या सुमारे 31 हजार भुलींची नोंद ठेवली होती, 2017 मध्ये ती प्रसिद्ध झाली. शंभरातल्या पाचाहून थोड्या जास्त वेळा गंभीर प्रसंग उद्भवला होता, आणि त्यांतले बहुसंख्य श्वासाचे. मूल जितकं लहान, तितका धोका जास्त. भूल देणाऱ्या चमूचा मुलांबाबतचा अनुभव जितका मोठा, तितका धोका कमी. ही युरोपातली रुग्णालयं आहेत. आपल्या तालुक्याच्या गावातल्या दोन टेबलांच्या ओटीत अशी नोंद कुणी ठेवत नाही, म्हणून आपल्याला आपला आकडा दिसत नाही.

आईवडील मला बहुधा वेगळंच विचारतात. “भुलीनं पोराच्या डोक्यावर परिणाम होईल का?” अर्भकांच्या हर्नियावर तासाभरापर्यंतची भूल दिलेल्या मुलांचा अभ्यास 2019 मध्ये आला. पाच वर्षांच्या वयात त्यांची बुद्धी, जागेपणी कमरेतून सुन्न करून शस्त्रक्रिया झालेल्या मुलांइतकीच होती. तीन वर्षांखालच्या मुलांना तीन तासांहून लांब किंवा पुनःपुन्हा दिलेल्या भुलीबद्दल सावधगिरी सांगितली आहे, तेवढी पाळू. त्यांच्या मनातली ही भीती आपण चार वाक्यांत घालवू शकतो. आणि ज्या सर्दीला त्यांनी खरंच भ्यायला हवं, ती ते आपल्यापासून लपवतात, तारीख जाऊ नये म्हणून.

तारीख गेल्यावर काय होतं तेही आपण पाहायला हवं. जतहून, आटपाडीहून, शिराळ्याच्या डोंगरातून आलेल्या माणसाला परत पाठवणं म्हणजे दोन दिवसांची मजुरी, एसटीचं भाडं, घरी ठेवलेल्या म्हाताऱ्यांची सोय. म्हणून निर्णय रुग्णालयात नको, घरी असतानाच व्हावा. आदल्या दिवशी संध्याकाळी तुमच्या सिस्टरनं आईला एक फोन करावा. सर्दी, खोकला, ताप गेल्या महिन्यात कधी आला होता? रात्री घोरतो का? जन्म दिवस पूर्ण भरून झाला होता का? घरात कुणाला भुलीचा त्रास झाला होता का? वजन किती? काही शंका वाटली तर तो फोन मला जोडून द्या. व्हिडिओ कॉलवर मूल खेळताना दिसलं तरी मला बरंच कळतं. शाळा-अंगणवाडीच्या तपासणीतून आलेलं मूल असेल तर गावच्या आशाताईला त्याच्या घरी डोकावायला सांगता येईल. आणि पुढे ढकलायचं ठरलं तर त्याच फोनवर नवी तारीख द्या, भरलेले पैसे तसेच धरा. माणूस परत येतो. येत नाही असं आपण म्हणतो, पण हातात तारीख देऊन पाठवलेली माणसं माझ्या अनुभवात परत आली आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेआधीची तपासणी यादी 2008 पासून आहे. तुमच्याकडेही ती फाइलला लावलेली असते. केस संपल्यावर एका दमात सगळ्या चौकटींत टिकमार्क होताना मी अनेकदा पाहिलं आहे, आणि गप्प बसले आहे. मुलांच्या केसला ती भुलीआधी मोठ्यानं वाचू या. एक मिनिट लागतं. आणि ओटीत कॅप्नोग्राफ घ्या. मूल श्वास सोडतंय की नाही हे तो लगेच सांगतो, ऑक्सिमीटर सांगेपर्यंत लहान बाळाचा सगळा साठा संपलेला असतो. बाळाच्या केसला एसी बंद करा म्हटलं की तुम्हाला घाम येतो, ते मला दिसतं. तेवढं सोसा.

1894 मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत रुग्णालय उभं केलं तेव्हापासून कर्नाटकातून, सोलापुराकडून माणसं विश्वासानं या गावात उपचाराला येतात. त्या विश्वासावर आपल्या सगळ्यांची रुग्णालयं चालतात, माझाही संसार चालतो.

पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून मी आदल्या दिवशी न पाहिलेल्या किंवा फोनवर न बोललेल्या मुलाची नियोजित केस घेणार नाही. तातडीची असेल तर रात्री तीनलाही येईन. यामुळे काही जण मला बोलावणं थांबवतील, ते मी गृहीत धरलं आहे. पण मला ‘नाही’ म्हटल्यावर तुम्ही दुसऱ्या भूलतज्ज्ञाला फोन कराल, आणि तो नवखा असेल, घराचे हप्ते भरत असेल, तर तो हो म्हणेल. माझ्या एकटीच्या नियमानं काही होणार नाही. तुम्ही तो फोन करू नका, इतकंच मागते.

दिवाळीच्या सुट्टीच्या याद्या आता तुमच्या टेबलांवर तयार होत असतील. मुलाच्या नावापुढे वय आणि शस्त्रक्रियेच्या शेजारी एक रकाना वाढवा, ‘आदल्या दिवशी बोलणं झालं’. संध्याकाळी सातनंतर माझा फोन मोकळा असतो.

आपली,
मिरजेतली एक भूलतज्ज्ञ